कर्ज फिटलं, तरी पहाटे तीनला जाग येतेच

कसारा_स्लो
मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो. आज पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात घराचं कर्ज फिटलं. डोंबिवली पूर्व, वन बीएचके, २००८ साली घेतलेलं. वीस वर्षांचं होतं, बोनस घालत घालत सतरा वर्षांत संपवलं. बँकेतून मूळ कागद आणले, देवापुढे ठेवले, बायकोने शिरा केला. दरमहा एकोणीस हजार सातशेचा हप्ता जायचा, आता तो हातात राहतो. पगार बरा आहे. मुलगी अकरावीला. वाटलं होतं की आता पडल्या पडल्या झोप लागेल.

तर नाही. पहाटे तीनला टक्क जाग येते. मग पाचपर्यंत पंख्याकडे बघत पडायचं आणि ५:५२ च्या लोकलला उभ्याने डुलक्या काढायच्या. परवा ऑफिसच्या तपासणीत बीपी १५०/९६ निघालं. डॉक्टर म्हणाले, कसलं टेन्शन आहे? म्हटलं, आता काहीच नाही. ते नुसते हसले.

प्रश्न असा की पैसा आला की मन आणि तब्येत सुधारते, हे खरंच असतं का? किती असला की माणूस झोपतो? अनुभव लिहा. अध्यात्म नको, ते सकाळी सहाला व्हॉट्सॅपवर मामा पाठवतात.

खवचट_काका
किती असला की झोप लागते ते माहीत नाही, पण कसारा स्लोला खिडकी मिळाली की कुणालाही लागते. हलकेच घ्या.

जिरेमिरे
काका, कसारा स्लोला खिडकी मिळणं म्हणजे म्हाडाची लॉटरी लागणं. मुद्दा पैशावरच आला.

टोपणनाव
यावर संशोधन झालंय. नोबेल मिळालेले डॅनियल कानेमान आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या साडेचार लाख उत्तरांवरून दाखवलं की वर्षाला साधारण ७५ हजार डॉलरपर्यंत रोजचा आनंद वाढतो, त्यापुढे पैसा वाढला तरी तो तिथेच राहतो. थोडक्यात, एका मर्यादेनंतर पैशाचा उपयोग नाही. विषय संपला.

खवचट_काका
७५ हजार डॉलर डोंबिवलीच्या भावात किती होतात तेवढं सांगा. आणि तिथे लोड शेडिंग धरलंय का?

निशिगंध
टोपणनाव, विषय तिथे संपला नाही, पुढे बरंच झालं. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थने मोबाइलवर लोकांना दिवसातून मधूनमधून विचारून माहिती गोळा केली. त्यात ७५ हजारांनंतरही आलेख चढतच राहिला. मग किलिंग्जवर्थ आणि कानेमान यांनी वाद घालत बसण्यापेक्षा मिळून तपासलं. २०२३ मध्ये एकत्र निबंध आला. बहुतेकांचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढत राहतो, पण जे मुळातच सगळ्यांत दुःखी आहेत त्यांचा वर्षाला एक लाख डॉलरच्या आसपास अडतो. त्यांचं दुःख पैशाच्या पलीकडचं असतं.

आणि यातली खरी मेख दुपटीच्या हिशेबात आहे. तीस हजार पगाराचे साठ झाले तर जितका फरक पडतो, साधारण तितकाच तीन लाखांचे सहा झाले तर. म्हणून वरचा माणूस सारखा धावत असतो आणि आपल्याला वाटतं, याला काय कमी आहे!

टोपणनाव
ओके, माझी माहिती जुनी होती. मान्य.

जिरेमिरे
या संस्थळावर कुणीतरी "मान्य" लिहिलं! वाचनखूण साठवली आहे.

परळकर
संशोधन राहू दे, घरातलं सांगतो.

वडील लालबागच्या एका गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत. अडीच लाख कामगार बाहेर. आमच्या चाळीत कुणालाच वाटलं नव्हतं की हा संप कधी मिटणारच नाही. अधिकृतपणे तो मागे घेतल्याचं आजतागायत कुणी जाहीर केलेलं नाही.

पहिले दोन-तीन महिने उत्साह होता. गावाहून तांदूळ यायचे. मग आईच्या पाटल्या गेल्या, मग तांब्याची भांडी, मग रेडिओ. आईने खानावळ काढली, पण जेवणारेही संपातलेच, मग पैसे देणार कोण? वहीत नुसती नावं वाढत गेली.

मला वडिलांचं एक कधीच विसरता येत नाही. ते पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे, दाढी करायचे, शर्ट घालून बाहेर पडायचे आणि भारतमाता टॉकीजसमोर जाऊन उभे राहायचे. अकराला परत. आम्हाला सांगायचे, "मीटिंग होती." मीटिंग नसायची. एकदा आईने मला मागे पाठवलं तेव्हा पाहिलं, एकटेच उभे होते, हाताची घडी घालून. घरात बसलेला पुरुष मुलांना दिसू नये म्हणून ते रोज उठून जात होते.

पुढे ते वॉचमन झाले. छातीत दुखायचं ते कुणाला सांगितलं नाही, कारण केईएममध्ये केसपेपरला पैसे लागत नसले तरी एक दिवसाचा खाडा व्हायचा. ५१ व्या वर्षी गेले. डॉक्टरांनी हार्ट अटॅक लिहिलं. आम्ही घरात आजही "संपात गेले" असंच म्हणतो.

म्हणून पैशाने सुख मिळतं का असं कुणी विचारलं की मला राग येतो. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. वडिलांनी तेच आणायचा प्रयत्न केला.

रेवाताई
परळकर, वाचून थांबले जरा.

मी तीस वर्षं महापालिकेच्या रुग्णालयात सिस्टर होते. एक गोष्ट रोज बघितली. डॉक्टर आजार सांगतात, नातेवाइकांचा पहिला प्रश्न "वाचेल ना?" हा नसतो. "किती लागतील?" हा असतो. आधी वाटायचं, काय माणसं आहेत! मग कळलं, की दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरच पहिल्याचं उत्तर अवलंबून आहे.

दुखणं दिवाळीपर्यंत ढकलणारे तर किती! बोनस झाला की येतो म्हणायचे. गाठ दिवाळीची वाट बघत थांबत नाही. टाटा हॉस्पिटलबाहेर फूटपाथवर चूल मांडून बसलेली बिऱ्हाडं सगळ्यांनी बघितली असतील. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली म्हणून एका बाईला आनंदाने रडताना मी पाहिलंय. डोक्यावर छप्पर आणि दोन वेळचं जेवण मिळालं म्हणजे उपचार पूर्ण होणार, एवढं साधं गणित होतं तिचं.

पैशाचा तब्येतीशी संबंध कसा ते बघायचं तर २०१७ आठवा. हृदयात बसवायच्या औषधी स्टेंटला लाखाच्या वर मोजावे लागायचे. फेब्रुवारीत सरकारने कमाल किंमत २९,६०० ठरवली. काल जो माणूस "गावी जाऊन विचार करतो" म्हणाला होता तोच माणूस पुढच्या आठवड्यात दाखल झाला. रोग तोच, रोगीही तोच.

टोपणनाव
म्हणूनच म्हणतो, मेडिक्लेम घ्या. आता तर २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेलाय.

खवचट_काका
हप्ता भरताना आपण "सन्माननीय ग्राहक" आणि क्लेम करताना "आजार आधीपासून होता". जीएसटी गेला, तो कारकून आहे तिथेच आहे.

मालाडकरीण
मी उलट बाजू मांडू का? पैसा आल्यावर तब्येत बिघडल्याची.

सासू-सासरे गिरगावात चाळीत होते, पहिला मजला, पागडीची खोली. पुनर्विकास झाला. पाच वर्षं भाड्याने भटकले आणि आता बाविसाव्या मजल्यावर. कागदावर कोट्यधीश. सासूबाई पूर्वी दिवसातून दहा वेळा गॅलरीत, चार वेळा खाली, भाजीवाल्याशी हुज्जत, समोरच्या काकूंकडे विरजण. आता दार बंद. लिफ्टची भीती वाटते म्हणून खाली उतरत नाहीत. सहा महिन्यांत वजन वाढलं, गुडघे गेले, आणि "कुणी बोलायलाच नाही" हे पालुपद. वर मेंटेनन्स साडेआठ हजार. सासऱ्यांचं पेन्शन त्यातच जातं. पूर्वी भाडं दोनशेच्या आत होतं.

वरळी_नाका
मालाडकरीण, सासूबाईंबद्दल वाईट वाटतं, पण चाळीचे उमाळे काढणारे बहुतेक चाळीबाहेर गेलेले असतात हो.

आमचं घर वरळीच्या बीडीडी चाळीत. १६० चौरस फूट, त्यात सात जण. संडास मजल्याच्या टोकाला, सामाईक. आजीला साखर होती, रात्री सारखं जावं लागायचं. अंधारात एकदा घसरून पडली. मग तिने काय केलं माहीत आहे? संध्याकाळी सहानंतर पाणी पिणंच बंद केलं. कितीतरी वर्षं. शेवटी मूत्रपिंडाचं दुखणं झालं. त्याचं कारण तेच असं मी म्हणत नाही, पण घरात संडास असता तर ती पाणी प्यायली असती एवढं नक्की.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या दिल्या. ५०० चौरस फूट. आमचाही नंबर लागला. आई पहिल्या रात्री तीनदा उठून बाथरूममध्ये जाऊन आली. लागली नव्हती. नुसती जाऊन आली.

मालाडकरीण
हे मला सुचलंच नव्हतं. आमच्या सासूबाईही चाळीत असताना रात्री पाणी प्यायच्या नाहीत, आता आठवलं.

परळकर
पण मेंटेनन्सचं काय? चाळीस मजली इमारतीत लिफ्ट, पंप, वॉचमन. वॉचमनची नोकरी करणारा माणूस वॉचमनचा पगार देणार. दहा वर्षांनी यातले किती जण तिथे राहिलेले असतील, बघा.

वरळी_नाका
ती भीती आमच्याही मनात आहे. पण म्हणून १६० फुटांत राहायचं का?

जिरेमिरे
पुनर्विकासाचा वेगळा धागा काढा, याला फाटे फोडू नका. धागाकर्ता बिचारा तीनला उठून इथे वाचत असेल.

लेखनिक_निवृत्त
मंत्रालयात ३४ वर्षं काढली. लिपिक म्हणून लागलो, कक्ष अधिकारी होऊन बाहेर पडलो. निशिगंध यांच्यासारखं मीही एक सांगतो, आमच्या खात्याशी मिळतंजुळतं आहे.

लंडनमध्ये सरकारी नोकरांची पाहणी १९६७ मध्ये सुरू झाली, व्हाइटहॉल म्हणतात तिला. पुढे मायकेल मार्मट यांनी ती गाजवली. यात कुणीच उपाशी नव्हतं. सगळ्यांना कायम नोकरी, पगार, सरकारी दवाखाना. तरी सर्वांत खालच्या श्रेणीतल्या शिपायांचं मृत्यूचं प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट. सिगारेट, कोलेस्टेरॉल वगैरे सगळं वजा केलं तरी फरक उरतोच. आणि मधल्या पायरीवरचेही वरच्यापेक्षा जास्त आजारी. पायरी पायरीने.

मला आश्चर्य वाटलं नाही. आमच्याकडे एक शिपाई होता. बेल वाजली की दचकायचा. जेवत असला तरी डबा झाकून उठायचा. साहेब रात्री आठपर्यंत बसायचे, तोही बसायचा. फरक एवढाच की साहेब स्वतःच्या मर्जीने बसायचे. त्याची शेवटची कर्जत लोकल कधी सुटते हे साहेबांना माहीत असायचं कारण नव्हतं. नुसता पगार वाढवून ती बेल थांबत नाही.

गोळीवाला
भांडुपला तेवीस वर्षं दवाखाना चालवतो. वरचं सगळं पटलं, पण धागाकर्त्यांना थोडं रुक्ष सांगतो.

पहाटेची जाग म्हणजे टेन्शनच, असं घरबसल्या ठरवू नका. घोरता का? बायकोला विचारा, तुम्हाला माहीत नसणार. झोपेत श्वास अडत असेल तर जागही येते आणि बीपीही वाढतं. साखर, थायरॉइड तपासा. रात्री दारू घेत असाल तर ती झोप तीनच्या सुमाराला मोडतेच. एकदा मोजलेल्या बीपीवर जन्माचा शिक्काही मारू नका. आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजा आणि ती वही घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा.

पैशाबद्दल एकच. माझ्याकडचे कितीतरी पेशंट बीपीची गोळी एक दिवसाआड घेतात. पाकीट महिनाभराऐवजी दोन महिने पुरवतात आणि मला सांगतात "रोज घेतो". आकडा खाली का येत नाही म्हणून मी डोस वाढवणार, तेवढ्यात बायको खुणेने सांगते. पैशाने माणूस आजारी पडतो तो असा, गुपचूप.

निशिगंध
"गुपचूप" वरून आठवलं. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास आहे, २०१३ चा. तेच ४६४ शेतकरी कापणीआधी हात तंग असताना तपासले आणि कापणीनंतर पैसे आल्यावर पुन्हा तपासले. बुद्धीच्या त्याच तऱ्हेच्या चाचण्यांत आधी कमी गुण, नंतर जास्त. माणूस तोच. डोक्याचा एक कोपरा कायम हिशेबात अडकला की बाकीच्यासाठी जागा कमी पडते.

कसारा_स्लो, मला राहून राहून वाटतंय की तुमची कापणी झाली, पण तो कोपरा मोकळा झालेला नाही.

पतपेढीवाला
मी एका पतसंस्थेत वसुली बघतो, त्यामुळे माझं डोकं वाईटच चालतं. स्वतःचं कर्ज फिटलं म्हणता. कुणाला जामीन राहिला आहात का?

खवचट_काका
वसुलीवाल्यांनी बरोबर दार वाजवलं.

कसारा_स्लो
दोन दिवस उत्तर दिलं नाही, माफ करा. पतपेढीवाले, तुम्ही लिहिलेलं वाचून हातातला डबा तसाच ठेवला.

हो. २०१९ मध्ये. ऑफिसमधला मित्र, एकाच डब्यात भजनाला बसायचो. त्याने एका पतसंस्थेतून सहा लाख काढले, बहिणीच्या लग्नाला. मी आणि आणखी एक जण जामीन. २०२१ मध्ये त्याची नोकरी गेली, तो गावी गेला, मग फोन बंद. सव्वा वर्षापूर्वी मला नोटीस आली. व्याजासह चार लाख ऐंशी हजार. ती मी कपाटात घराच्या फाइलमध्ये मागे सरकवून ठेवली.

धागा काढताना हे मनात नव्हतं असं नाही. लिहायला लाज वाटली. त्या मित्राचा राग येतो म्हणावं तर तोही येत नाही. त्याची आई आजारी आहे हे मला माहीत आहे.

रेवाताई
वहिनींना माहीत आहे?

कसारा_स्लो
नाही.

पतपेढीवाला
आता नीट ऐका. नोटीस दडवली म्हणून ती मरत नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली संस्था उपनिबंधकांकडे वसुली दाखला मागते. त्याआधी सुनावणीची नोटीस येते. त्या तारखेला गेलात, लेखी म्हणणं दिलंत तर बोलायला जागा असते. गेला नाहीत तर एकतर्फी होतं आणि मग आमच्यासारखे लोक घरी येतात. जामीनदारांपैकी ज्याचा पगार चालू आहे त्यालाच आम्ही आधी धरतो, खोटं कशाला बोलू?

अशिलाचा_मित्र
यात भर. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. त्यामुळे "आधी त्याला पकडा" हे चालत नाही. पण तुम्ही भरलंत तर ती रक्कम मूळ कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क तुम्हाला मिळतो. आणि दोन जामीनदार असले तर आपापसांत भार सारखा वाटून घ्यायचा असतो, कलम १४६. दुसरा जामीनदार कुठे आहे? त्याला फोन करा. तोही तीनला जागाच असेल.

टोपणनाव
संस्था बहुतेक वेळा एकरकमी परतफेडीला तयार होतात, दंडव्याज सोडतात. तुमचा सुटलेला हप्ता वर्षभर इकडे वळवला तर दोन लाख छत्तीस हजार होतात. तुमच्या निम्म्या वाट्याला जवळजवळ पुरतात. गणित जमण्यासारखं आहे.

लेखनिक_निवृत्त
टोपणनाव, या धाग्यातला हा तुमचा सर्वांत उपयोगी प्रतिसाद.

कसारा_स्लो
सगळ्यांचे आभार. कालचं सांगतो.

रात्री जेवण झाल्यावर बायकोला म्हटलं, एक सांगायचंय. ती म्हणाली, नोटिशीचं ना?

बँकेचे कागद देवापुढे ठेवायला फाइल तिनेच काढली होती. त्यात मागे ते पाकीट होतं. वाचलं, परत जागच्या जागी ठेवलं आणि शिरा करायला गेली. म्हणजे त्या दिवशी मी खुशीत शिरा खात होतो तेव्हा तिला सगळं माहीत होतं. महिनाभर ती वाट बघत होती, मी कधी सांगतो याची. म्हणाली, तू रात्री उठतोस तेव्हा मीही जागीच असते, कूस बदलत नाही एवढंच.

दुसऱ्या जामीनदाराला फोन झाला. तो बदलापूरला असतो. अशिलाचे मित्र, तुमचा अंदाज बरोबर, त्यालाही गोळ्या सुरू आहेत. शनिवारी दोघं मिळून संस्थेत जातोय.

आणि गोळीवाले, विचारलं. घोरतो म्हणाली. भरपूर.

आज पहाटे तीनला जाग आलीच. पण या वेळी दोघंही उठून बसलो आणि चहा केला.

पतपेढीवाला
शनिवारी जाताना कर्जखात्याचा पूर्ण उतारा मागा, मुद्दल आणि दंडव्याज वेगळं करून. तोंडी आकड्यावर हो म्हणू नका. आणि जे भराल त्याची शिक्क्याची पावती.

खवचट_काका
आणि येताना खिडकी पकडा.

गोळीवाला
सगळं ठीक आहे, पण पहाटे तीनला चहा पिऊ नका हो.